एक आजार की दोन? एक्सक्लूड्स-१ च्या लाल खुणेचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

आमची टीम अमेरिकेतल्या एका रुग्णालयाचे इनपेशंट चार्ट (भरती झालेल्या रुग्णांच्या नोंदी) कोड करते, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानांना ठरलेले कोड लावते. मी तिथे ऑडिट बघते. रुग्णांची आणि रुग्णालयाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. कोड आणि त्यांवरून झालेले वाद मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

ज्यांचा या कामाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून निदानांसाठी आयसीडी-१०-सीएम ही कोडपद्धती वापरात आली. त्याआधीच्या आयसीडी-९-सीएममध्ये ‘एक्सक्लूड्स’ अशी एकच सूचना असे आणि तिचे दोन अर्थ निघत. ‘हा आजार या कोडमध्ये धरलेला नाही, त्याचा कोड वेगळा आहे’ हा एक, आणि ‘हे दोन कोड एकत्र लावूच नका’ हा दुसरा. कुठे कोणता अर्थ घ्यायचा ते कोडरच्या अनुभवावर सोडलेलं. नव्या पद्धतीत ही सूचना फोडून दोन केल्या. एक्सक्लूड्स-२ म्हणजे पहिला अर्थ: रुग्णाला दोन्ही आजार असतील तर दोन्ही कोड लावा. एक्सक्लूड्स-१ म्हणजे दुसरा: दोन्ही एकत्र नकोत. टाइप १ आणि टाइप २ मधुमेह हे त्याचं सोपं उदाहरण. एकाच माणसाला ई१० आणि ई११ दोन्ही लावता येत नाहीत.

कागदावर हे फार स्वच्छ दिसतं. पण जुन्या सूचना दोन खणांत वाटताना काही चुकीच्या खणात पडल्या. उदाहरणार्थ, मेंदूतल्या इन्फार्क्शनच्या (रक्तपुरवठा अडून होणाऱ्या, म्हणजे इस्केमिक स्ट्रोकच्या) आय६३ खाली जुन्या स्ट्रोकच्या परिणामांचा आय६९.३ हा सुरुवातीला एक्सक्लूड्स-१ मध्ये होता. त्याच वेळी कोडिंगच्या अधिकृत गाइडलाइनमधला नवव्या प्रकरणाचा भाग सांगत होता की रुग्णाला आजचा स्ट्रोक असेल आणि जुन्याचे परिणामही असतील, तर दोन्ही कोड लावता येतात. कोडचं पुस्तक एक सांगतंय, गाइडलाइन दुसरं. ती सूचना नंतर एक्सक्लूड्स-२ मध्ये हलवली गेली. आमच्या प्रकरणातली सूचना मात्र अजून एक्सक्लूड्स-१ मध्येच आहे.

अडचण कशी समोर आली

सत्तरी ओलांडलेल्या एक बाई. काही वर्षांपूर्वी इस्केमिक स्ट्रोक होऊन उजवी बाजू कमकुवत झालेली, वॉकर घेऊन चालायच्या. घरात पाय घसरून पडल्या, डोक्याला मार लागला. शुद्ध हरपली नव्हती. सीटीमध्ये ताजा सबड्युरल (मेंदूच्या आवरणाखालचा) रक्तस्राव दिसला. शस्त्रक्रिया लागली नाही. निरीक्षणाखाली ठेवलं, दुसरा सीटी स्थिर आला आणि पुनर्वसनासाठी डिस्चार्ज झाला.

कोडरने सुरुवात बरोबर केली होती. प्रिन्सिपल डायग्नोसिस (भरतीचं मुख्य कारण ठरलेलं निदान) एस०६.५एक्स०ए, म्हणजे मारामुळे झालेला सबड्युरल रक्तस्राव, शुद्ध न हरपता, पहिल्या उपचाराचा टप्पा. जुन्या स्ट्रोकमुळे राहिलेल्या उजव्या बाजूच्या अशक्तपणासाठी आय६९.३५१. रुग्ण उजखोरी की डावखोरी हे चार्टमध्ये नव्हतं, पण उजवी बाजू बाधित असेल तर तीच प्रबळ धरायची असं गाइडलाइन सांगतं, त्यामुळे तो प्रश्नही मिटलेला.

मग एन्कोडरने, म्हणजे कोड तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने, दोन्ही कोडवर लाल खूण केली. कारण असं की आय६० ते आय६९ या अख्ख्या गटाच्या डोक्यावर एक्सक्लूड्स-१ आहे: मारामुळे झालेला कवटीतला रक्तस्राव, एस०६. कोडरने आय६९.३५१ काढला. पण स्ट्रोकचा उल्लेखच नाही हे त्याच्या मनाला पटेना, म्हणून त्याजागी झेड८६.७३ टाकला. लाल खूण गेली आणि चार्ट पुढे सरकला.

झेड८६.७३ चा अर्थ काय? स्ट्रोक होऊन गेला, मागे काहीही परिणाम उरलेला नाही. आणि या बाई वॉकरशिवाय दोन पावलं टाकू शकत नव्हत्या.

मी हा चार्ट चूक म्हणून परत पाठवला. कोडरचा प्रश्न रास्त होता: “मॅडम, सॉफ्टवेअर लाल दाखवतंय. ते हिरवं झाल्याशिवाय चार्ट सबमिट होत नाही. मग मी काय करायचं?”

म्हणून त्या महिन्यातले एस०६ चे सगळे चार्ट काढून बसले, तेव्हा कळलं की ‘मग मी काय करायचं’ याचं उत्तर आमच्याकडे प्रत्येक जण स्वतःपुरतं शोधत होता.

तीन तऱ्हा

एका कोडरने झेड८६.७३ वापरला, ते वर आलंच.

दुसऱ्या कोडरसमोर जवळपास तसाच रुग्ण होता. तिने आय६९.३५१ काढून जी८१.९१ लावला, म्हणजे कारण न सांगितलेला उजव्या प्रबळ बाजूचा पक्षाघात. सॉफ्टवेअर गप्प राहिलं. पण हे आगीतून फुफाट्यात पडणं होतं. जी८१ च्या खाली स्वतःचा एक एक्सक्लूड्स-१ आहे आणि त्यात नेमकं हेच लिहिलंय की स्ट्रोकच्या परिणामामुळे आलेला पक्षाघात इथे कोड करायचा नाही, तो आय६९ मध्ये जातो. म्हणजे तिने एक सूचना पाळायला दुसरी मोडली. आणि एन्कोडरला हे दिसणारच नव्हतं, कारण ज्याच्याशी विरोध आहे तो आय६९ तिने यादीतून आधीच काढला होता. सॉफ्टवेअर यादीतल्या कोडच्या जोड्या तपासतं. चार्टमध्ये असलेला पण यादीत नसलेला आजार त्याच्या गावीही नसतो.

इथे माझ्या मते खरी हानी वेगळीच आहे. एस०६.५ च्या शेजारी जी८१.९१ वाचणारा माणूस काय समजेल? की पडल्यामुळे, त्या रक्तस्रावामुळे, या रुग्णाला पक्षाघात झाला. वर्षांपूर्वीचा आजार आम्ही या अपघाताच्या नावावर चढवला. गुणवत्तेचा अहवाल असो, विम्याचा दावा असो की उद्या कुणी करायचा अभ्यास असो, सगळीकडे तो तसाच वाचला जाणार.

तिसरा चार्ट उलट्या दिशेने चुकलेला होता आणि तो मला जास्त अस्वस्थ करून गेला. रक्तदाबाचा जुना रुग्ण घरात जमिनीवर पडलेला आढळला. टाळूला जखम, सीटीमध्ये डाव्या बाजूला खोलवर, बेसल गँग्लियामध्ये रक्तस्राव. इमर्जन्सीच्या डॉक्टरांनी लिहिलं, ‘पडल्यामुळे इंट्राक्रेनियल रक्तस्राव’. न्यूरोलॉजीच्या नोंदीत ‘हायपरटेन्सिव्ह रक्तस्राव असण्याची शक्यता’. डिस्चार्ज समरीत नुसतं ‘आयसीएच’ (डोक्यातला रक्तस्राव). कोडरने आय६१.० (मारामुळे न झालेला रक्तस्राव) आणि एस०६.३५ (मारामुळे झालेला) दोन्ही लावले, लाल खूण आली, आणि तिने ‘दोन्ही असंबंधित’ असं कारण टाकून ती ओलांडली.

पण रक्तस्राव एकच होता. डॉक्टरांनी त्याला दोन नावं दिली होती एवढंच. एक्सक्लूड्स-१ जर कशासाठी असेल, तर तो याच चार्टसाठी.

वाद

टीममधल्या सर्वांत अनुभवी कोडरचं म्हणणं होतं की लाल खूण म्हणजे लाल खूण, तिथे कोडरचा विवेक चालत नाही. त्यांचा आधार भक्कम होता. गाइडलाइनच्या प्रस्तावनेतच लिहिलंय की वर्गीकरणातल्या सूचना आणि संकेत गाइडलाइनपेक्षा वरचढ आहेत. एक्सक्लूड्स-१ हा वर्गीकरणातला संकेत. म्हणून गाइडलाइनमध्ये काहीही सवलत असो, पुस्तकातली सूचना जिंकणार.

मलाही काही वेळ हे बिनतोड वाटलं. मग आम्ही सवलतीचं वाक्य नेमकं कुठे आहे ते उघडून पाहिलं. ते आहे गाइडलाइनच्या पहिल्या विभागात, उपविभाग ए, क्रमांक १२, पोटकलम ए. आणि उपविभाग ए चं शीर्षकच ‘संकेत’ असं आहे. एक्सक्लूड्स-१ म्हणजे काय याची व्याख्या जिथे दिली आहे, त्याच परिच्छेदात अपवादही दिला आहे: दोन आजार एकमेकांशी असंबंधित असतील तर दोन्ही कोड लावता येतात, संबंधित आहेत की नाहीत ते स्पष्ट नसेल तर डॉक्टरांना क्वेरी (खुलासा मागणारा प्रश्न) करा. म्हणजे अपवाद संकेताच्या विरोधात उभा नाही, त्याचाच भाग आहे. ज्या सूचनेला आपण वरचढ म्हणतोय तिची व्याख्याच या अपवादासकट आहे.

तिथलं उदाहरणही नीट निवडलेलं आहे. एफ४५.८ या सोमॅटोफॉर्म विकारांच्या कोडखाली झोपेत दात खाण्याचा जी४७.६३ एक्सक्लूड्स-१ मध्ये आहे, कारण दात खाणं हे एफ४५.८ मध्येही मोडतं. त्या एकाच तक्रारीसाठी दोन्ही कोड नकोत. पण एफ४५.८ मध्ये मानसिक कारणाने होणारा पाळीचा त्रासही मोडतो. एखादीला तो असेल आणि ती झोपेत दातही खात असेल, तर ते दोन वेगळे आजार झाले आणि दोन्ही कोड लागतात.

आमच्या जोडीबद्दल तर याहून थेट उत्तर उपलब्ध होतं. ऑक्टोबर २०१५ मध्ये, नवी पद्धत सुरू होताच, एक्सक्लूड्स-१ वरचा अंतरिम सल्ला निघाला आणि तो त्या वर्षीच्या चौथ्या तिमाहीच्या ‘कोडिंग क्लिनिक’ या कोडिंग-सल्ल्याच्या त्रैमासिकातही छापला गेला. त्यात उदाहरणादाखल आय६०-आय६९ आणि एस०६ हीच जोडी घेतली आहे: मारामुळे झालेल्या रक्तस्रावाला आय६०-आय६९ मधला कोड लावू नका, पण रुग्णाला आज असा रक्तस्राव असेल आणि आधीच्या स्ट्रोकचे परिणामही असतील, तर एस०६ आणि आय६९ दोन्ही योग्य. आम्ही ज्यावर आठवडाभर भांडत होतो ते शब्दशः तिथे होतं.

यानंतर आणखी एक छोटी शंका राहिली, तीही नोंदवते, कारण पुढे एका विमा कंपनीने नेमकी तीच काढली. खुद्द आय६९ खालीही एक्सक्लूड्स-१ आहे आणि त्यातही एस०६ दिसतो. घाईत वाचलं तर वाटतं की बंदी दोनदा सांगितली आहे. पण तिथले शब्द ‘मेंदूच्या जुन्या इजेचे परिणाम’ असे आहेत. म्हणजे अशक्तपणा जर जुन्या अपघातामुळे आलेला असेल, तर तो आय६९ मध्ये घालू नका. आमच्या बाईंचा अशक्तपणा स्ट्रोकमुळे होता. सूचनेतला कोड वाचायचा आणि त्याआधीचे शब्द सोडायचे, ही सवय आम्हा सगळ्यांनाच एन्कोडरने लावली आहे. एस०६ च्या पानावर पाहिलं तर तिथे आय६९ बद्दल एक अक्षर नाही. पुस्तकात सूचना एकाच बाजूला लिहिलेली, सॉफ्टवेअर मात्र तिला दोन्हीकडून लावतं.

विचारात घेतलेले पर्याय

लाल खूण आली की एक कोड काढायचा, हा पहिला पर्याय. क्लेम अडकत नाहीत, प्रशिक्षण सोपं, सगळ्यांचं वागणं सारखं. पण त्यातून पहिल्या दोन चार्टसारख्या खोट्या नोंदी तयार होतात. शिवाय स्ट्रोकनंतरचा पक्षाघात अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी विम्याच्या जोखीम-समायोजनात (रुग्ण किती आजारी यावरून पैसे ठरवण्यात) मोजला जातो. तो गाळला की रुग्ण कागदावर आहे त्यापेक्षा निरोगी दिसतो.

दुसरा, कोडरला खूण ओलांडायची पूर्ण मुभा. तिसरा चार्ट आठवला आणि हा पर्याय बाजूला पडला.

तिसरा, प्रत्येक वेळी क्वेरी. अनुभवी कोडरचा कल इकडे होता, आणि नियमाच्या दृष्टीने यात धोका सर्वांत कमी हे खरं. पण ज्या चार्टमध्ये डॉक्टरांनी ‘जुन्या स्ट्रोकमुळे उजवी बाजू कमकुवत’ आणि ‘पडल्याने सबड्युरल’ असं स्वच्छ लिहिलंय, तिथे ‘यांचा संबंध आहे का’ असं विचारणं म्हणजे त्यांनी लिहिलेलं आपण वाचलं नाही याची कबुली देणं. अशा चार क्वेरी गेल्या की पाचवीला, जी खरंच महत्त्वाची असते, उत्तर येत नाही. गाइडलाइनही अस्पष्ट असेल तरच क्वेरी करायला सांगतं.

चौथा, सूचनाच बदलून घ्यायची. निदानाच्या कोडमधले बदल ते कोड सांभाळणाऱ्या एनसीएचएस या सरकारी संस्थेकडे सुचवता येतात आणि त्यांवर वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरमध्ये, समितीच्या बैठकीत चर्चा होते. मार्ग चांगला, पण अडलेल्या क्लेमच्या कामाचा नाही.

काय केलं

एक्सक्लूड्स-१ ची खूण आली की कोडरने कोडकडे न बघता चार्टकडे बघून एकच गोष्ट ठरवायची: हे दोन कोड एकाच आजाराची दोन नावं आहेत की दोन वेगळे आजार? एकच असेल तर एक कोड. दोन असतील आणि डॉक्टरांच्या नोंदीत ते स्पष्ट असेल, तर दोन्ही कोड. आणि खूण ओलांडताना नोंदीची तारीख व डॉक्टरांचे शब्द टिपणात घालायचे. नुसतं ‘असंबंधित’ असं लिहिलेलं चालणार नाही. नोंदीवरून ठरत नसेल तर क्वेरी.

सोबत आणखी एक नियम घातला आणि तो मला पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. खूण घालवण्यासाठी कोड बदलायचा नाही. काढायचा असेल तर काढा, ठेवायचा असेल तर ठेवा. पण ‘जवळपासचा’ तिसरा कोड आणून बसवलात तर तो चार्ट आपोआप ऑडिटला येईल.

तिसऱ्या चार्टसाठी क्वेरी लिहायला सांगितली. पहिला मसुदा असा आला: ‘रुग्ण पडलेला आढळला व टाळूला जखम आहे, त्यामुळे रक्तस्राव मारामुळे झाला असे धरावे का?’ हा मसुदा मी थांबवला. यात उत्तर प्रश्नातच बसवलेलं आहे, आणि एएचआयएमए व एसीडीआयएस या व्यावसायिक संघटनांच्या क्वेरीविषयक मार्गदर्शनात नेमकं हेच टाळायला सांगितलंय. रक्तस्रावाची जागा बघून कोडरला स्वतःचा अंदाज होता; खोलवरच्या बेसल गँग्लियातला रक्तस्राव उच्च रक्तदाबात नेहमी दिसतो हे आम्हालाही माहीत होतं. पण तो अंदाज कोडमध्ये उतरवणं आमचं काम नाही, आणि क्वेरीत डोकावू देणंही नाही. दुसऱ्या मसुद्यात तिन्ही डॉक्टरांच्या नोंदी, सीटीचा निष्कर्ष आणि दाखल होतानाचा रक्तदाब शेजारी शेजारी मांडला आणि पर्याय दिले: मारामुळे झालेला, मारामुळे न झालेला, दोन स्वतंत्र रक्तस्राव, अन्य, ठरवता येत नाही.

निष्पन्न

उत्तर आलं: रक्तस्राव आधी झाला, त्यामुळे रुग्ण पडला, मारामुळे फक्त टाळूची जखम. एस०६.३५ गेला, आय६१.० प्रिन्सिपल राहिला, जखमेसाठी एस०१.०१एक्सए आला. यात डीआरजीचं, म्हणजे ज्यावरून रुग्णालयाला मिळणारे पैसे ठरतात त्या गटाचं, घराणंच बदलतं. आय६१.० हा ६४ ते ६६ या स्ट्रोक-रक्तस्रावाच्या गटात जातो, तर एस०६ प्रिन्सिपल असता तर चार्ट ८२ ते ८७ या डोक्याच्या इजेच्या गटांकडे गेला असता. क्वेरी न करता आम्ही यातला कुठलाही एक निवडला असता तर ती नाणेफेक ठरली असती, आणि तीही दुसऱ्याच्या पैशांवर.

पहिल्या दोन चार्टमध्ये आय६९.३५१ परत आला, झेड८६.७३ आणि जी८१.९१ गेले, क्लेम दुरुस्त करून पाठवले. बाईंचा क्लेम मेडिकेअरचा होता, तो निघाला. दुसरा खाजगी विमा कंपनीकडे होता आणि अपेक्षेप्रमाणे एक्सक्लूड्स-१ चं कारण देऊन परत आला. आम्ही गाइडलाइनमधला परिच्छेद आणि कोडिंग क्लिनिकचं उदाहरण जोडून अपील केलं. त्यावर कंपनीने आय६९ खालच्या सूचनेवर बोट ठेवलं, तीच ‘जुन्या इजेचे परिणाम’वाली. दुसऱ्या अपिलात त्या सूचनेतले सगळे शब्द उतरवून खाली डॉक्टरांचं एक वाक्य ठेवलं. तेव्हा मान्य झालं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, मूळ चूक कुठली ते सांगते. लाल खूण आली की एक कोड काढायचा, ही सवय टीमला एका पानी तक्त्याने लावली होती. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये, नवी पद्धत सुरू व्हायच्या आधी तयार केलेला, ठळक अक्षरांत ‘एक्सक्लूड्स-१ = कधीही एकत्र नाही’ असं लिहिलेला. तेव्हा ते बरोबरच होतं. महिनाभरात अंतरिम सल्ला आला, १ ऑक्टोबर २०१६ पासूनच्या गाइडलाइनमध्ये अपवाद कायमचा दाखल झाला, आणि तक्ता भिंतीवर तसाच राहिला. तो मी केला होता. कोडरला चूक देण्याआधी तो नियम त्याला कुणी शिकवला हे मी शोधायला हवं होतं. त्याला दिलेली चूक नंतर मागे घेतली, पण वरातीमागून घोडं.

एन्कोडर पुरवणाऱ्यांशीही आम्ही फार उशिरा बोललो. लाल खुणेच्या खिडकीत मूळ सूचनेचं पूर्ण वाक्य दिसावं, नुसती कोडची जोडी नको, एवढीच मागणी होती. ती पुढच्या आवृत्तीत येईल असं उत्तर आलंय. तोवर कोडरने टॅब्युलर (कोडची क्रमवार यादी) उघडून गटाच्या डोक्यावरची सूचना स्वतः वाचायची, असं ठरलंय. हे वेळखाऊ आहे आणि कुणालाही आवडलेलं नाही.

अनुभवी कोडरशी माझा एक मतभेद मात्र अजून मिटलेला नाही. जुन्या स्ट्रोकमुळे तोल जाऊन माणूस पडला, त्यामुळे सबड्युरल झाला, असं डॉक्टरांनीच लिहिलं तर? मग ते दोन आजार ‘असंबंधित’ कसे, असं त्या विचारतात. माझं उत्तर असं की अशक्तपणा हे पडण्याचं कारण असेल, पण तो आणि रक्तस्राव एकच गोष्ट होत नाहीत. अंतरिम सल्ल्यातल्या उदाहरणातही दोन्ही कोड ठेवले आहेत आणि रुग्ण का पडला असं कुणी विचारलेलं नाही. त्या म्हणतात, नियमातला शब्द ‘असंबंधित’ आहे, ‘वेगळे’ नाही. शब्दापुरतं त्यांचं बरोबर आहे. असे चार्ट सध्या आम्ही दोघी मिळून बघतो.